उपाशी पाण्याचं तळं

पोरांनो, श्रावणात आपण चंपक मैदानाच्या सड्यावर जातो, तेव्हा तुम्ही आधी काय करता? चपला काढता आणि कातळावरच्या डबक्यात पाय बुडवता. पाणी जेमतेम घोट्याएवढं, पण तळाचा काळपट लाल कातळ लख्ख दिसतो. त्या पाण्यात कोणी तुरटी फिरवलेली नसते, क्लोरीन टाकलेलं नसतं, पंप नाही की गाळणी नाही. आणि इकडे मागच्या दारच्या सिमेंटच्या टाकीत पाणी आठवडाभर उघडं राहिलं की हिरवं होतं. पाऊस तोच, ऊनही तेच. मग सड्यावरचं पाणी हिरवं का होत नाही?

धाकटी म्हणते, तिथं रोज नवा पाऊस पडतो म्हणून. बाय, अर्धं उत्तर बरोबर आलं तुझं. उरलेलं अर्धं त्या डबक्याच्या काठच्या फुलांपाशी आहे. निळसर जांभळी, नखाएवढी फुलं, ज्यांना आपण सीतेची आसवं म्हणतो. दिसायला इतकी नाजूक, पण झाड शिकारी आहे. ओल्या मातीत, आपल्याला न दिसणाऱ्या त्याच्या बारीक फांद्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी झाड सतत बाहेर टाकत राहतं, म्हणून पिशवीच्या भिंती आत ओढलेल्या राहतात. दारापाशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की दार आतल्या बाजूला उघडतं, भिंती फुगतात आणि पाण्यासकट तो जीव आत खेचला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात! शेजारीच दवबिंदू उगवलेला असतो. त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांना चिलटं चिकटली की सुटत नाहीत. ह्या दोन्ही घराण्यांतल्या झाडांवर चार्ल्स डार्विननं खूप प्रयोग केले आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता विचार करा. झाड उन्हावर आपली साखर आपण तयार करतं. मग त्याला किडे कशाला हवेत? साखर झाली तरी अंग बांधायला नत्र आणि स्फुरद लागतं, आणि कातळावर ते जवळजवळ नाहीच. पाऊस धुऊन नेतो, उरलेलं दगड धरून ठेवतो. सीतेच्या आसवांना किड्यांच्या अंगातलं नत्र आणि स्फुरद हवं असतं. म्हणजे जिथं झाडांनाच शिकार करावी लागते, तिथलं पाणी किती उपाशी असेल! शेवाळालाही तिथं खायला मिळत नाही, म्हणून ते माजत नाही.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे तुमच्या काकाला परसात पोहण्याचा तलाव हवा आहे. त्यानं दाखवलेल्या चित्रांत निळ्या फरशीचा चौकोन होता, कडेला खुर्च्या आणि छत्री. तलाव जरूर करू, म्हटलं मी. पण आपल्या सड्याकडून शिकून करू.

पाणी स्वच्छ राखायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्यात वाढेल ते मारत राहायचं. क्लोरीन हेच करतं. क्लोरीनला मी नावं ठेवणार नाही. शहरांच्या नळाच्या पाण्यात ते मिसळायला लागल्यापासून पटकी आणि विषमज्वरापासून असंख्य माणसं वाचली आहेत, आणि जिथं दिवसाला शेकडो लोक उतरतात त्या सार्वजनिक तलावात ते हवंच. पण त्या तलावावर जो उग्र वास येतो ना, डोळे चुरचुरतात, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि कोणी चोरून केलेली लघवी ह्यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्यं होतात, त्यांचा तो वास. दुसरा मार्ग म्हणजे पाण्यात खाण्यासारखं काही उरूच द्यायचं नाही. साखरेचा डबा घट्ट लावला की मुंग्यांना पावडर मारावी लागत नाही, तसं. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात लोकांनी घरच्या बागांतून असे तलाव बांधायला सुरुवात केली, तिथून ते जर्मनीत आणि पुढे युरोपभर पसरले. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहरानं २०१५ मध्ये असा सार्वजनिक तलाव खुला केला. रत्नागिरीत असा तलाव बांधलेला माझ्या पाहण्यात नाही. पण त्याला लागणारा दगड, पाऊस आणि झाडं, तिन्ही आपल्या दाराशी आहेत.

उपाशी म्हणजे किती उपाशी, ते आकड्यात सांगतो. जर्मनीतल्या नियमावलीप्रमाणे अशा तलावाच्या १ लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून जास्त स्फुरद नसावं. आपला तलाव साधारण १ लाख लिटरचा होईल. गुणाकार करा बघू. बरोबर, सगळ्या तलावात मिळून १ ग्रॅम! आणि १ ग्रॅम स्फुरद मिळालं की शेवाळ स्वतःचं १०० ग्रॅमच्या आसपास सुकं वजन उभं करू शकतं, ओलं तर त्याच्या कितीतरी पट. आता आपण कलमांना पावसाळ्यात सुपर फॉस्फेट घालतो. त्यात ७ टक्क्यांच्या आसपास स्फुरद असतं. मूठभर खत ५० ग्रॅम धरलं तर झालं साडेतीन ग्रॅम. एक मूठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून तळ्यात आली की साडेतीन तळी बिघडवण्याइतकं खाणं शेवाळाला मिळालं.

म्हणून ह्या तळ्याची बाग आखताना फुलझाडांचा विचार शेवटी करायचा. पहिला प्रश्न, पाणी वरून कुठून वाहत येतं? आपली हापूसची कलमं परसाच्या चढावर आहेत. तेव्हा कलमं आणि तळं ह्यांच्या मधून एक पाट काढायचा, चिऱ्यांनी बांधलेला, हातभर खोल. चढावरचं सगळं पाणी तो उचलेल आणि तळ्याला वळसा घालून खाली पोफळींच्या आगरात सोडेल. पोफळींना ते खत हवंच आहे. तळ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. गोठ्याचं, न्हाणीचं, कपडे धुण्याचं पाणी तळ्याच्या वाऱ्यालाही नको. आणि आंब्याची सावली कितीही गोड असली तरी तळ्यावर आंब्याची फांदी नको, कारण पडलेलं प्रत्येक पान कुजून स्फुरद सोडतं.

थोरला विचारतो, सावलीच नको का मग? हवी तर! कोकणातलं ऊन ऑस्ट्रियासारखं नाही. पण ती पश्चिमेकडून हवी, दुपारनंतरची, आणि पानगळ कमी असलेल्या झाडांची. त्या बाजूला पोफळींची एक रांग लावू, काठापासून थोडी दूर. पोफळीची झावळी सुटते ती अख्खी, विरीसकट, एका वेळी एक. उचलून टाकता येते. बारीक पानांचा सडा काढत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता जांभा. आपलं घर, आपला गडगा, विहिरीचा कठडा, थिबा पॅलेस, सगळं ह्याच दगडाचं. लाखो वर्षांच्या उष्ण, ओल्या हवेत पावसानं मूळ काळ्या दगडातून चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली आणि लोखंड व ॲल्युमिनिअमची संयुगं मागे राहिली. म्हणून तो तांबडा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरानं १८०७ मध्ये मलबारातल्या ह्या दगडाचं वर्णन छापलं. खाणीत असताना तो लोखंडी हत्यारानं सहज कापता येतो आणि उघड्यावर पडला की कठीण होतो, हे त्यानं नोंदवलं. आपल्या चिरेखाणीवरच्या कुठल्याही गड्याला हे ठाऊक असतं. पण जांभ्याचा दुसरा गुण डोळ्यांना दिसत नाही. त्यातलं लोखंड आणि ॲल्युमिनिअम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं. शेतकरी ह्यामुळे वैतागतो, कारण घातलेलं खत पिकाला मिळायच्या आत माती धरून बसते. आपल्या तळ्याला मात्र नेमकं हेच हवं. जांभ्याची खडी करून पाणी तिच्यातून फिरवलं तर पाण्यातलं उरलंसुरलं स्फुरद दगडाला चिकटतं.

पण इथं एक मोठी गोम आहे, आणि ती समजली तरच तळं समजलं. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांवर काम करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर ह्या शास्त्रज्ञानं १९४१-४२ मध्ये तलावाचा गाळ आणि पाणी ह्यांच्यातली देवघेव तपासली. गाळावरच्या पाण्यात प्राणवायू असेतो लोखंड स्फुरदाला सोडत नाही. प्राणवायू संपला की तेच लोखंड रूप पालटतं, पाण्यात विरघळतं आणि इतके दिवस धरलेलं स्फुरद एकदम सोडून देतं. म्हणून एखादा तलाव वर्षानुवर्षं चांगला असतो आणि एका उन्हाळ्यात अचानक हिरवागार होतो. तळाशी साठलेल्या पाचोळ्यानं प्राणवायू खाऊन टाकलेला असतो. तेव्हा जांभ्यावर भरवसा ठेवायचा तर पाण्याचा श्वास चालू ठेवायला हवा. आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना १ लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. युरोपातल्या तळ्यापेक्षा आपल्या तळ्याला इथंच जास्त जपावं लागणार.

तुम्ही दापोलीजवळ आसूदला केशवराजाच्या देवळात गेला होतात, आठवतंय? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून येतं आणि गोमुखातून बारमाही पडत राहतं. तिथं तुम्ही ओंजळी भरून पाणी प्यायलात. वाहताना, पडताना, फुटताना पाणी हवा घेतं. आपल्याकडे डोंगरातला झरा नाही, पण उन्हावर चालणारा लहान पंप बसवता येतो. तो तळातलं पाणी उचलून वरच्या टोकाला एका दगडी पन्हळीत सोडेल. तिथून ते दोन-तीन पायऱ्यांवरून पडत झाडांच्या वाफ्यात जाईल, आणि वाफ्यातून पाझरून पुन्हा पोहण्याच्या भागात. दिवसातून एकदा तरी सगळं पाणी ह्या वाटेनं फिरलं पाहिजे.

हा झाडांचा वाफा म्हणजे तळ्याचा खरा जीव. पोहायला जेवढी जागा, जवळजवळ तेवढीच झाडांना. आपण ५० चौरस मीटर पोहायला ठेवू आणि ५० झाडांना. दोन्हींच्या मध्ये चिऱ्यांची भिंत, पण तिचा माथा पाण्याखाली चार बोटं. म्हणजे वरून पाहिलं तर एकच तळं दिसेल, पण वाफ्यातली खडी पोहण्याच्या भागात येणार नाही. झाडांच्या बाजूला माती अजिबात नाही, फक्त खडी. मातीत खाणं असतं.

मातीशिवाय झाडं कशी जगतील, असं वाटतंय ना? ती पाण्यातूनच खातील. खायला पाण्यात जेवढं कमी, तेवढी मुळं लांब पसरतील, आणि तेच आपल्याला हवं. तुमची पणजी हे करत होती. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं तिनं अळू लावलं होतं, त्यापुढे कर्दळ, त्यापुढे केळी. कोकणातल्या घराघरांत हीच रीत. साबणाचं, अंगाच्या मळाचं पाणी अळवातून शिरायचं आणि केळीपर्यंत पोचेतो जमिनीत जिरून जायचं. ना चिखल, ना वास. जर्मनीत १९५० च्या दशकात केटे झायडेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी मॅक्स प्लांक संस्थेत प्रयोग करून दाखवलं की लव्हाळ्याच्या कुळातली पाणवनस्पती घाण पाणी साफ करू शकते. आधी पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. आज जगभर सांडपाण्यासाठी असे झाडांचे वाफे बांधतात. त्या बाईंच्या चिकाटीला मी हात जोडतो, आणि न्हाणीमागे अळू लावणाऱ्या आपल्या बायकांनाही.

झाडं एकटी हे करत नाहीत. खडीच्या प्रत्येक खड्यावर एक बुळबुळीत थर बसतो. हात लावलात तर तुम्ही शी म्हणाल, पण त्या थरात जीवाणूंची वस्ती असते. तुमच्या घामातला अमोनिया एका जातीचे जीवाणू घेतात आणि त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं उचलतात. अमोनिया जाळून त्यावर जगणारे जीव असू शकतात हे १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्कीनं दाखवलं. त्याच्या कामाआधी कोणाला कल्पनाच नव्हती की उन्हाशिवाय, दुसऱ्याला न खाता, केवळ अशा द्रव्यावर कोणी संसार करत असेल. आता ह्या वस्तीला जागा किती मिळते पाहा. १० मिलिमीटरची खडी १ घनमीटर घेतली, तर तिच्यातल्या सगळ्या खड्यांचा पृष्ठभाग मिळून साडेतीनशे चौरस मीटरच्या वर जातो. आपण २० घनमीटर खडी घालणार. म्हणजे ७,००० चौरस मीटरहून जास्त, सत्तर गुंठ्यांच्या आसपास! आपली अख्खी बागसुद्धा एवढी नाही, आणि ही जागा आपण अर्ध्या गुंठ्यात बसवतो आहोत.

कोणती झाडं? काठाला ब्राह्मी, ती उथळ पाण्यात मजेत पसरते. मग वेखंड, वाळा, कर्दळ. वाळ्याची मुळं खोल जातात आणि दाट असतात. पाणकणीस लावायचं तर चिऱ्यांनी बंदिस्त केलेल्या कोपऱ्यात, नाहीतर तीन पावसाळ्यांत तेच सगळीकडे दिसेल. ओलसर काठाला सोनटक्का, कारण संध्याकाळी त्याच्या वासाशिवाय कोकणातली बाग मला अपुरी वाटते. कुमुदं कुंडीत लावून पाण्यात ठेवायची. जलपर्णी मात्र कोणी कितीही फुकट दिली तरी आणायची नाही. आणि वर्षातून दोनदा ही झाडं कापून बाहेर न्यायची, माडांच्या आळ्यात घालायची. झाडांनी गोळा केलेलं स्फुरद तळ्याबाहेर जातं ते ह्या कापणीतूनच. कापली नाहीत तर झाडं तिथंच कुजतील आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात देतील.

एका टोपलीत कमळ लावू, त्याच्यासाठी थोडी माती चालवून घेऊ. कमळाचा देठ आडवा कापून तुम्हाला दाखवीन. आत भोकं असतात, लांबच लांब पोकळ नळ्या. चिखलात प्राणवायू नसतो आणि कंद तर चिखलात, मग त्याला हवा कुठून मिळते? पाणकमळांच्या एका जातीत हे कोडं जॉन डेसी ह्या शास्त्रज्ञानं १९८० मध्ये सोडवलं. उन्हात कोवळी पानं तापली की त्यांच्या आत हवेचा दाब वाढतो. ती हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते, आणि जुन्या, सैल झालेल्या पानांच्या देठांतून वर निघून जाते. काही हलत नाही, तरी तळ्याच्या तळाशी दिवसभर वारा वाहत असतो! कमळातही हवा अशीच दाबानं फिरते. मुळांच्या भोवती पाझरणारा हा थोडासा प्राणवायू तिथल्या जीवाणूंना पुरतो. मॉर्टिमरचं लोखंड आठवतंय ना? त्यालाही.

धाकटीला मासे हवेत. नाही गं बाय, ह्या तळ्यात नको. मासे विष्ठा टाकतात, म्हणजे शेवाळाला खाऊ, आणि पाणपिसवा खाऊन टाकतात. पाणपिसू म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा पारदर्शक जीव. भिंगातून पाहिलं तर त्याचं धडधडणारं हृदय दिसतं. पायांनी पाणी ढवळून तो त्यातलं हिरवं शेवाळ गाळून खातो, अहोरात्र. आपल्याला त्या आणाव्या लागणार नाहीत. त्यांची अंडी वाळल्या चिखलात महिनेच्या महिने तग धरतात, पक्ष्यांच्या पायांना लागून येतात, वाऱ्यावर येतात. सड्यावरची डबकी जानेवारीपासून कोरडी ठाक असतात, तरी पाऊस पडला की काही दिवसांत तिथं जीव पोहायला लागतात, ते असेच.

डासांचं काय, हा तुमच्या आईचा प्रश्न. रास्त आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या थोड्याशा पाण्यात वाढतो. करवंटीत, टायरात, पडलेल्या विरीत. हलत्या, जिवंत तळ्यात त्याच्या अळीला खाणारे फार. त्यात पहिला म्हणजे चतुराचं पोर. तेही पाण्यातच असतं, मातकट, कुरूप, दगडाला चिकटून. त्याचा खालचा ओठ घडी करून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. अळी टप्प्यात आली की पापणी लवायच्या आत तो ओठ पुढे फेकला जातो आणि टोकाच्या नख्यांनी अळी धरून आणतो. पळायचं असेल तर हे पोर मागच्या बाजूनं पाणी जोरात सोडतं आणि पुढे उसळतं. श्वासही तिथूनच, कारण त्याचे कल्ले आतड्याच्या शेवटी असतात. मग एका पहाटे ते वेखंडाच्या पानावर चढतं, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. ती रिकामी कात तुम्हाला पानावर सापडेल.

भाद्रपद-आश्विनात सड्यावर थव्यानं फिरणारे सोनेरी पिवळे चतुर तुम्ही पाहता. ते पावसाळी डबक्यांत महिना-दोन महिन्यांत वाढतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन ह्या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की दर ऑक्टोबरात तिथं लाखो चतुर येतात कुठून, कारण त्या बेटांवर गोडं पाणी उघड्यावर जवळजवळ नाहीच. २००९ मध्ये त्यानं मांडलं की ते भारतातून निघतात, ईशान्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. तिथल्या पावसात त्यांची पुढली पिढी वाढते, आणि त्यांच्या वंशातले मोसमी वाऱ्याबरोबर परत येतात. पिढ्यांची बेरीज केली तर जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर. आपल्या तळ्याच्या काठावर बसलेला चतुर त्या वाटेवर असू शकतो.

बेडूक येतील, खंड्या येईल, पाणकोंबडीही येईल. विरोळाही येईल, तो विषारी नाही, त्याला मारायचं नाही.

आता थोडं कठीण बोलतो, नीट ऐका. हे पाणी निर्जंतुक नाही. कोकणात लेप्टो दर पावसाळ्यात माणसं आजारी पाडतो, काहींचा जीवही घेतो. उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. म्हणून तळ्याजवळ नारळाची रास नको, धान्य नको, कोंबड्या नकोत, उंदरांना थारा नको. जखम असेल तर उतरायचं नाही. केरळात अलीकडच्या वर्षांत गोड्या, कोमट पाण्यातल्या अमिबामुळे मेंदूचे जीवघेणे आजार झाले. तो नाकातून जातो, आणि पाणी जितकं उबदार तितकं त्याला मानवतं. असे आजार क्वचित होतात, पण वैशाखात पाणी उतरलेलं आणि तापलेलं असतं तेव्हा आपण पोहणं बंद ठेवू. पाण्याचा नमुना दर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत द्यायचा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १०० च्या वर गेले तर तळं बंद. घरच्या माणसांपुरतं आणि आल्यागेल्या पाहुण्यांपुरतंच हे तळं आहे. काका पुढे मागे पर्यटकांना खोल्या देणार असेल तर त्यांना ह्यात सोडायचं नाही, ते मी त्याला बजावलं आहे. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ २०१५ मध्ये असा तलाव झाला होता, तिथंसुद्धा रोज किती जणांनी उतरायचं ह्याला मर्यादा होती. आणि भोवती चार फुटी कुंपण, फाटकाला कडी. मोठं माणूस काठावर असल्याशिवाय तुमच्यापैकी कोणीही पाण्यात जाणार नाही. आम्ही विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलो, तेव्हाही वर दोर धरून कोणीतरी उभं असे.

आणि पाणी कुठलं? रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या छपराच्या १०० चौरस मीटरवर तो पडतो त्याचे ३ लाख लिटर होतात. तळं भरून उरेल. पावसाच्या पाण्यात स्फुरद जवळजवळ नसतं, तेव्हा ह्याहून चांगलं पाणी नाही. फक्त कौलांवर साठलेली धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण पहिल्या सरींत धुऊन जाते, ते पाणी माडांना द्यायचं. आषाढात तळं ओसंडेल, त्याला सांडवा ठेवू. खरी परीक्षा मार्च ते मे. दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उन्हानं उडतं. तीन महिन्यांत जवळजवळ दीड फूट, म्हणजे ४५,००० लिटरच्या घरात. आजूबाजूच्या वाड्यांत टँकर येत असताना विहिरीचं पाणी उपसून आपण पोहायच्या तळ्यात घालायचं, हे मला मान्य नाही. तेव्हा तेवढ्याच पाण्याची झाकलेली टाकी पोफळींच्या खाली बांधायची आणि पावसातच भरून ठेवायची. टाकीचा खर्च जमत नसेल तर तळं लहान करू. टाकीशिवाय तळं करायचं नाही.

दिवाळी झाली की खणायला घेऊ. जांभा झिरपतो, म्हणून तळाला आणि बाजूंना जाड रबरी पत्रा लागेल, त्यावर चिरे. वैशाखापर्यंत बांधकाम, ज्येष्ठात झाडं, आणि मग पाऊस. पहिले काही आठवडे पाणी हिरवं होईल. घाबरायचं नाही, औषध घालायचं नाही. मुळं आणि जीवाणू स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. पोहायला गणपतीनंतर.

पण त्याआधी उतार कळायला हवा. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत लेव्हल ट्यूब घेऊन परसात या. एकानं नळीचं टोक विहिरीच्या कठड्याशी धरायचं, दुसऱ्यानं कलमांखालच्या गडग्यापाशी. नळीतलं पाणी कुठं किती चढतं ते मी वहीत लिहून घेतो. पाट कुठून काढायचा ते त्यावरून ठरवू.